पूर्वरंगावर उठून गेलेले प्रेक्षक

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट आहे. अंबाजोगाईत आमच्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही आठ-दहा जण जमतो, हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर ताणतो आणि उसनवारीने आणलेल्या प्रोजेक्टरवर परभाषेतला एखादा चित्रपट पाहतो. उपशीर्षके इंग्रजीत असतात आणि ती सगळ्यांना जमत नाहीत, म्हणून संवाद मोठ्याने मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे असते. त्या शनिवारी २००२ सालचा ‘आ ला फोली... पा द्यू तू’ हा फ्रेंच चित्रपट लावला होता. चित्रपट जवळपास निम्म्यावर आला, नायिका घरातला गॅस उघडा सोडून जमिनीवर आडवी झाली, आणि नेमक्या त्याच वेळी कोपऱ्यावरची डीपी मोठा आवाज करून जळाली. सगळी गल्ली अंधारात गेली. आमच्या इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि एक पंखा एवढेच चालते. मी मेणबत्त्या शोधत असताना समोरच्या मावशी आणि त्यांच्या सूनबाई उठल्या. “संपलाच म्हणायचा आता. गेली बिचारी पोरगी,” असे म्हणत त्या चपला घालून निघून गेल्या. लाइट आली की बोलावून आणू, असे मी मनाशी ठरवले. पण लाइट यायला सव्वा तास लागला आणि तोवर त्यांच्याकडचे दार बंद झाले होते.

हा चित्रपट ज्यांना पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे, कारण यापुढे मी त्याचे सगळे गुपित सांगणार आहे. ते सांगितल्याशिवाय या चित्रपटाविषयी बोलताच येत नाही.

पहिल्या निम्म्या भागात दिसते ते असे. बोर्दो शहरात आंजेलिक नावाची, चित्रकला शिकणारी एक गुणी मुलगी आहे. सुट्टीवर गेलेल्या एका श्रीमंत कुटुंबाचे घर ती सांभाळते आणि एका कॅफेत अर्धवेळ कामही करते. पहिल्याच दृश्यात ती फुलांच्या दुकानात उभी आहे, भोवती गुलाबच गुलाब आहेत, आणि डॉक्टर लोईक यांच्या वाढदिवसाला एक गुलाब पोहोचता व्हावा म्हणून ती धडपडते आहे. लोईक हृदयरोगतज्ज्ञ आहे, विवाहित आहे, त्याची बायको राशेल वकील आहे आणि तिला दिवस गेलेले आहेत. आंजेलिकचा मित्र दाविद तिला परोपरीने समजावतो, पण तिचे म्हणणे एकच असते की तो बायकोला सोडणार आहे. मग बातमी येते की राशेलचा गर्भपात झाला आणि नवरा-बायकोत अंतर पडले. आंजेलिक दोघांसाठी फ्लोरेन्सच्या सहलीची तयारी करते, विमानतळावर वाट पाहत बसते, आणि तो येत नाही. तिथून तिची घसरण सुरू होते. काम जाते, शिक्षण हातचे जाते, ती अंथरुणाला खिळते. पुढे सोनिया नावाच्या एका रुग्ण स्त्रीने लोईकवर मारहाणीची तक्रार केलेली असते, आणि ही मुलगी त्याला वाचवण्यासाठी त्या स्त्रीच्या घरी जाते. झटापटीत सोनियाचा हृदयविकाराने मृत्यू होतो. एवढे करूनही लोईक बायकोलाच जवळ करतो. मग गॅस.

आपल्याकडच्या कोणत्याही प्रेक्षकाला ही गोष्ट पाठ असते: विवाहित, प्रतिष्ठित पुरुष, भोळी, कलासक्त मुलगी, पोकळ वचने, आणि शेवटी मुलीचे वाटोळे. आमच्या हॉलमध्येही पहिल्या अर्ध्या तासातच निकाल लागला होता. मावशींनी तर डॉक्टरला पडद्यावर पाहताक्षणीच “लबाड हाय मेला” असे प्रमाणपत्र देऊन टाकले होते.

आणि यानंतर चित्रपट अक्षरशः उलटा धावू लागतो. पाहिलेली दृश्ये वेगाने मागे सरकत पुन्हा त्या फुलांच्या दुकानापाशी येऊन थांबतात, आणि या वेळी कॅमेरा आंजेलिकबरोबर न राहता गुलाब घेऊन निघालेल्या मुलामागून डॉक्टरच्या आयुष्यात शिरतो. तिथे काय आहे? काहीच नाही. लोईक या मुलीला जवळजवळ ओळखतही नाही. शेजारचे घर सांभाळायला कोणी मुलगी आलेली आहे, एवढीच त्याला तिची माहिती आहे. निनावी भेटवस्तू कोण पाठवते हे त्याला कळत नाही, बायकोचा संशय वाढत जातो, आणि तो ज्या-त्या बाईकडे ‘हीच ती असेल’ अशा नजरेने पाहू लागतो. सोनियावर त्याने हात उगारला तो याच गैरसमजातून. राशेलला मोपेडची धडक बसून गर्भ गेला, आणि त्या मोपेडवर कोण होते हे आपल्याला आता कळते.

आमच्या मंडळात एक काका आहेत. तरुणपणी त्यांनी नारदीय कीर्तने केली आहेत. योगेश्वरीच्या मार्गशीर्ष नवरात्रातले कीर्तन आदल्याच आठवड्यात ऐकून आल्यामुळे असेल, पण लाइट येण्याची वाट पाहताना ते म्हणाले, “हा आपला मध्यंतर समजा. बुवांना हार घातला, बुक्का लावला, आता उत्तररंग.” काकांनी चित्रपट आधी पाहिलेला नव्हता, तरी त्यांना नेमकी जागा सापडली याचे मला नवल वाटले. कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात, आणि उत्तररंगातले आख्यान ते निरूपण खरे करून दाखवते. श्रोता निश्चिंत बसतो, कारण दुसरा भाग पहिल्याला दगा देणार नाही हे त्याला माहीत असते. इथे उत्तररंग सुरू होतो तो पूर्वरंगातला एकेक शब्द खोडून काढण्यासाठी. चित्रपट संपल्यावर काका बराच वेळ चादरीच्या घड्या घालत राहिले आणि मग म्हणाले, “बुवानं फसवलं म्हणावं, तर खोटं एक वाक्य बोलला नाही.”

काकांचे ते वाक्य मला फार नेमके वाटते. कलाटणी देणारे पुष्कळ चित्रपट शेवटी एखादी दडवलेली वस्तू काढून दाखवतात आणि प्रेक्षकाला वाटते, हे आधी सांगितले असते तर मीही ओळखले असते. दिग्दर्शिका लेतिसिया कोलोंबानी यांनी असे काही दडवलेले नाही. हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट आहे हे कळल्यावर त्यांच्या धीटपणाचे कौतुक वाटते. पहिला भाग आठवून पाहा: लोईक आणि आंजेलिक एकमेकांशी मनमोकळे बोलताहेत असे एकही दृश्य मला आठवत नाही. तो दिसतो तो लांबून. आपण तिची वाट पाहणे पाहतो, फोनकडे बघणे पाहतो, मैत्रिणीला सांगणे ऐकतो. आणि मधली रिकामी जागा आपणच भरून टाकतो. प्रेमकथा कशा असतात हे आपल्याला माहीत असते, तेवढे भांडवल दिग्दर्शिकेला पुरते.

ती जागा भरण्यात माझाही हात होता, हे त्या रात्री माझ्या लक्षात आले. फ्रेंचमध्ये पुरुषासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत मला ‘तो’ आणि ‘ते’ यांतून निवड करावी लागते. आंजेलिक मित्राशी लोईकविषयी बोलू लागली तेव्हा मी सहजपणे “तो येणार आहे, तो तिला सोडणार आहे” असे सांगत गेले. मोठ्या हॉस्पिटलमधल्या हृदयरोगतज्ज्ञाचा एकेरी उल्लेख करणारी मुलगी त्याच्या किती जवळची असेल, हे मावशींना त्या एका ‘तो’ मधून कळले. मी जर “डॉक्टर येणार आहेत” असे म्हटले असते, तर कदाचित कोणाच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकली असती. भाषांतर करणाऱ्याला तटस्थ राहता येत नाही हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. पण आपणच नायिकेच्या भ्रमाला शपथपत्र करून देत आहोत, याचा पत्ता मला दुसऱ्यांदा चित्रपट पाहतानाही लागला नव्हता.

या फसवणुकीतला सर्वांत मोठा वाटा मात्र आंजेलिकचे काम करणाऱ्या ऑद्रे तोतूच्या चेहऱ्याचा आहे. आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, तिचा ‘अमेली’ प्रदर्शित झाला होता आणि मोठाल्या डोळ्यांची, खोडकर, परोपकारी अमेली जगभरच्या प्रेक्षकांची लाडकी झाली होती. वर्षही पुरते उलटले नव्हते, तोच मार्च २००२ मध्ये हा चित्रपट आला. प्रेक्षकांनी तो चेहरा ओळखला आणि तिथेच शरणागती पत्करली. गंमत अशी की अमेली काय काय करते याची यादी केली तर अंगावर काटा यावा: ती शेजारच्या भाजीवाल्याच्या घराची दुसरी किल्ली करून घेते, तो नसताना आत शिरून वस्तूंची उलथापालथ करते, आवडलेल्या तरुणाचा माग काढते, त्याला कोड्यांमागून कोडी घालते. आपण टाळ्या वाजवतो. आंजेलिकही याच जातीचे उद्योग करते. फरक एवढाच की अमेलीच्या गोष्टीत पलीकडचा माणूस शेवटी दार उघडतो.

चित्रपटाच्या नावातही एक खोडी आहे आणि ‘ही लव्ज मी... ही लव्ज मी नॉट’ या इंग्रजी नावात ती हरवते. फुलाची एकेक पाकळी तोडत ‘करतो, नाही करत’ असे म्हणण्याचा खेळ इंग्रजीत दोन पायऱ्यांचा आहे. फ्रेंच मुली मात्र सहा पायऱ्या मोजतात: त्याचे माझ्यावर प्रेम आहे, थोडेसे, खूप, उत्कट, वेडे होण्याइतके, मुळीच नाही. चित्रपटाने यातल्या शेवटच्या दोनच पायऱ्या उचलल्या आहेत. त्या खेळात ‘वेडे होण्याइतके’ आणि ‘मुळीच नाही’ यांच्यामध्ये फक्त एका पाकळीचे अंतर असते. शिवाय ‘फोली’ या शब्दाचा अर्थच वेड असा आहे, म्हणजे रोगाचे निदान दिग्दर्शिकेने पोस्टरवरच लिहून ठेवले होते.

त्या रोगाला इरोटोमेनिया म्हणतात. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये त्याचे असे नेटके वर्णन केले की आजही कित्येक जण त्याला क्लेरांबो यांच्याच नावाने ओळखतात. आमच्या मंडळातली एक मैत्रीण मानसोपचाराचे शिक्षण घेतलेली आहे. तिने त्या रात्री चहा घेता घेता जे सांगितले ते मला चित्रपटाइतकेच रोचक वाटले. एकतर्फी प्रेमात माणसाला, निदान आतल्या आत, ठाऊक असते की आपल्याला होकार मिळालेला नाही. इरोटोमेनियात रुग्णाला ठाम खात्री असते की समोरच्याचेच आपल्यावर प्रेम आहे, आणि मुख्य म्हणजे सुरुवात त्यानेच केली. ही व्यक्ती बहुधा रुग्णापेक्षा मानाने, पदाने वरची असते: डॉक्टर, अधिकारी, नट. तिने नकार दिला तर तो लोकलाजेस्तव. ती गप्प राहिली तर ती खूण. तिने पोलिसांत तक्रार केली तर ती परीक्षा. या भ्रमाच्या तीन अवस्था क्लेरांबो यांनी सांगितल्या आहेत: आधी आशा, मग चरफड, आणि शेवटी आकस. चित्रपट या तीन पायऱ्या इतक्या चोख उतरतो की पटकथा लिहिताना पाठ्यपुस्तक उशाशी असावे अशी शंका येते. मैत्रिणीने एक गोष्ट मात्र बजावली, आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते: मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणाला इजा करत नाहीत, थरारपटाला रक्त लागते म्हणून चित्रपटात ते सांडते.

सुरुवात त्यानेच केली, याचेही उत्तर चित्रपटात आहे. बायकोला दिवस गेल्याचे कळल्याच्या आनंदात लोईक फुले घेऊन येतो आणि त्यातला एक गुलाब वाटेत दिसलेल्या शेजारच्या मुलीच्या हातात देतो. बस्स. आपण पेढ्याचा बॉक्स घेऊन निघालो की जिन्यात जो भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवतो, तसेच हे. त्या एका फुलावर तिने सगळा संसार उभारला. दुसऱ्या भागाच्या अखेरीस तो प्रसंग दाखवला आहे, आणि तोतूने गुलाब घेताना चेहऱ्यावर जो उजेड आणला आहे तो पाहून, सगळे कळलेले असूनही, मला पुन्हा तिचीच कणव आली.

पण माझी खरी शरम दुसऱ्या ठिकाणी आहे. हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात असताना, तेव्हा ते शहर औरंगाबादच होते, खोलीतल्या चौघींनी मिळून एका संगणकासमोर दाटीवाटीने बसून. राशेलचा गर्भपात झाल्याचे कळले तेव्हा माझ्या मनात क्षणभर आले की चला, आता यांचा मार्ग मोकळा झाला. मी हे मोठ्याने बोलले नाही. पण मला ते वाटले होते. तासाभराने त्याच बाईला रस्त्यावर पडलेले पाहिले आणि मला माझेच वाक्य आठवले. इझाबेल कारे हिने राशेलचे काम अतिशय संयमाने केले आहे, आणि तिच्याकडे आपण पहिल्या भागात ढुंकूनही पाहिलेले नसते. नायिकेच्या वाटेतला अडथळा म्हणून जिची बोळवण केली, ती जिवंत बाई होती हे चित्रपट फार उशिरा आठवण करून देतो. आंजेलिकपेक्षा माझ्या मनात राशेलच जास्त राहिली आहे.

दोष आहेत. दुसऱ्या भागात दिग्दर्शिका प्रत्येक धागा गाठ मारून दाखवते. पहिल्या भागातली वस्तू दिसली की तिचा खुलासा आलाच पाहिजे असा हिशेब जाणवू लागतो, आणि मधली वीस मिनिटे वही तपासल्यासारखी वाटतात. सोनियाच्या मृत्यूचा पोलीस तपास अगदीच घाईत उरकला आहे. दाविदचेही पाणी पुरेसे जोखलेले नाही. तोही आंजेलिकवर एकतर्फी जीव टाकून बसलेला आहे, तिच्यासाठी झिजतो आहे, म्हणजे त्याच आजाराची शहाणी बाजू त्याच्यात दिसू शकली असती. लोईकला मात्र चित्रपटाने देवमाणूस केलेले नाही हे मला आवडले. रुग्णावर हात टाकणारा डॉक्टर निरपराध असला तरी निर्दोष नसतो.

आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ या शब्दांनी सुरू होणारा मथळा वर्षातून किती वेळा येतो हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यात पाठलाग करणारा मुलगा असतो आणि शाळा किंवा क्लास सुटणारी मुलगी असते. अशा मुलींसाठी २०१३ मध्ये दंडसंहितेत पाठलागाचा स्वतंत्र गुन्हा आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात तो आहे. त्या कलमात पाठलाग करणारा पुरुष आणि जिचा पाठलाग होतो ती स्त्री असेच गृहीत धरलेले आहे, आणि आमच्या भागातला अनुभव पाहता ते का, हे कळते. तरीही त्या रात्री मंडळातल्या वकील वहिनी म्हणाल्या, “हा लोईक माझ्याकडं आला असता तर मला दुसरंच कलम शोधावं लागलं असतं, आणि आधी तर मी त्यालाच उलटतपासणीला घेतलं असतं.” वहिनी प्रामाणिक आहेत. मुलगी आणि मोठा माणूस अशी जोडी समोर आली की कोणावर विश्वास ठेवायचा, हे आपण ठरवून बसलेले असतो. तसे ठरवण्याला सबळ कारणेही आहेत, आणि नेमक्या त्या चांगुलपणाच्याच दाराने हा चित्रपट आत शिरतो.

शेवट सांगून टाकते. गॅसमधून आंजेलिक वाचते. पुढे आपली चोरी लोईकला कळली आहे हे पाहून ती त्याच्या डोक्यात पितळी मूर्ती घालते, तो जिन्यावरून कोसळतो, आणि ती मनोरुग्णालयात जाते. कित्येक वर्षांनी, औषधे नियमित घेण्याच्या बोलीवर, तिला घरी सोडले जाते. ती शांत आहे, हसते आहे. तिची खोली आवरायला आलेली बाई कपाट पुढे ओढते, तर मागच्या भिंतीवर लोईकचा चेहरा: इतक्या वर्षांत न गिळलेल्या रंगीबेरंगी गोळ्या एकेक करून चिकटवून केलेला. आमच्या हॉलमध्ये तेव्हा कोणी काही बोलले नाही. काकांची चादर मग सुरू झाली.

आता मावशींचे. सोमवारी सकाळी त्या मंडईत मेथीच्या जुड्या निवडताना भेटल्या, आणि त्यांच्या बचत गटातल्या दोघी बरोबर होत्या. मला पाहताच त्या दोघींपैकी एक म्हणाली, “काय बाई त्यो डॉक्टर! पोरीच्या जिवाशी खेळला.” म्हणजे शनिवार ते सोमवार या दोन दिवसांत अर्धा चित्रपट पूर्ण होऊन गल्लीत फिरूनही आला होता. मी मावशींना तिथल्या तिथे सांगू लागले, पण ते पटण्यासारखे नव्हते. मेथीच्या ढिगाशेजारी उभे राहून कोणाला सांगणार की जे डोळ्यांनी पाहिले ते तसे नव्हतेच? शेवटी गुरुवारी दुपारी त्यांना घरी बोलावले, चहा ठेवला, आणि लॅपटॉपवर उरलेला भाग लावला. या वेळी मी लोईकचा उल्लेख कटाक्षाने ‘डॉक्टर’ असाच केला.

मावशी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मोपेडच्या प्रसंगाला त्यांनी “अगं माय” म्हणत पदर तोंडाला लावला. गोळ्यांचा चेहरा आला तेव्हा त्या पुढे वाकून स्क्रीनजवळ गेल्या आणि बोटाने तो चेहरा हवेतच गिरवून पाहिला. चित्रपट संपला. मी विचारले, “आता काय म्हणता मावशी?” त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला, कप बशीत नीट उपडा ठेवला आणि म्हणाल्या, “समदं खरं हाय गं. पर मला एक सांग, फूल दिलंच कशाला त्यानं?”